पुंगळीवरची खूण

ऑर्व्हिलकाकांच्या एकबारी रायफलीत नवी नळी बसवली, तेव्हा काडतुसाचं माप बदललं. बार झाल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा मात्र आजोबांच्या काळचाच राहिला. तो पुंगळीच्या कडेवरून घसरायचा. मागच्या वर्षी विस्कॉन्सिनच्या त्या गावातल्या नेमबाजीत काका प्रत्येक बार झाला की नळीत दांडी खुपसत बसले. मेहुणी लुएला इतकी हसली, की काका भडकून म्हणाले, "पुढच्या वर्षी अडकली, तर बंदूक तुझी!" लुएलाने ती टांगायला भिंतीत खिळाही ठोकून ठेवला.

वर्ना गावात बंदुका दुरुस्त करायची. तिने आकड्याच्या टोकाला पोलाद चढवलं, कानशीने घासून ते नव्या कोऱ्या पुंगळ्यांना नेमकं बेतलं. वर्कशॉपमध्ये प्रत्येक पुंगळी टणकन बाहेर आली.

मैदानावर पहिला बार झाला. काकांनी बंदूक उघडायचा खटका खाली ओढला. पुंगळी जागची हलली नाही.

"पुंगळी ठोकून काढायला हातोडी नाही आणली गं," लुएला बटाट्याचं सॅलड खात म्हणाली. "पण खिळा पक्का आहे."

वर्नाचे कान तापले. तिने दांडीने पुंगळी काढली आणि उन्हात धरली. कड एका बाजूला पार झिजली होती.

"काका, ही कुठली?"

"माझी. सगळे नेमबाज एकच पुंगळी दारू घालून पुन्हा पुन्हा भरतात, तशी मीही. आणि दर वेळी बुडावरची ही खूण वर. त्याशिवाय नेम धरत नाही."

म्हणजे दर वेळी आकड्याने कडेची तीच खालची बाजू ओढून झिजवली होती. वर्नाने माप घेतलं होतं ते कोऱ्या पुंगळ्यांवर.

"अर्धी फिरवून घाला ना."

"खूण खाली? त्यापेक्षा बंदूक तिलाच देऊन टाक!"

"बरं, दुसरी पुंगळी देते."

"ही सोडून? वेडी झालीस?"

वर्नाने खिशातून बारीक कानस काढली. पुंगळीच्या बुडावरची जुनी खूण घासून मिटवली आणि बरोबर समोरच्या बाजूला नवी पाडली.

"आता भरा. खूण वर ठेवून."

काकांनी चष्मा पुसून खूण पाहिली, जरा घुटमळले, पण खूण वर होती म्हटल्यावर त्यांनी पुंगळी भरून आत सरकवली. बार झाला. खटका खाली आला.

पुंगळी टणकन उडाली ती थेट लुएलाच्या सॅलडमध्ये.

"नीट चाटून दे," काका म्हणाले, "अजून बरेच बार मारायचेत."