दोन्ही अंगांनी हिरवं पान

बाकांगला पहिला मुलगा झाला आणि नवव्या दिवशी बाकांगचा बाप मोथिबी वारला. ते साल १९७४, महिना जून. त्याची बायको केनोसी दहा दिवसांच्या आत आजी झाली आणि विधवाही. नातवाचं तोंड काही तिला बघायला मिळालं नाही. आमच्याकडे नवरा गेलेली बाई वर्षभर बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तिच्या अंगात ऊन असतं म्हणतात, ते कोवळ्या जिवाला सोसत नाही. गुरांनाही सोसत नाही. म्हणून तिने गुरांच्या वाटा टाळायच्या, आणि वाट ओलांडावीच लागली तर रानकांद्याचे तुकडे ओच्यात ठेवून पावलागणिक एकेक टाकत जायचं.

बाकांग खाणीत कामाला होता, सीमेपलीकडे. मोथिबीची चौदा गुरं रानातल्या ठाण्यावर होती, ती त्याचा धाकटा भाऊ सेआबेलो राखायचा. केनोसी ठाण्याच्या कडेला एका झोपडीत राहायची, दिरासाठी ज्वारीचा आंबवलेला घाटा शिजवायची आणि काळ्या कपड्यांत खाली मान घालून लाकडं आणायची. खाली मान घालून चालणाऱ्या माणसाला जमिनीवरचं फार दिसतं. कुठलं रोप पावसाआधी फुटतं, कुठल्याला आधी फूल येतं नि मग पान, हे त्या तीन महिन्यांत तिला जितकं कळलं तितकं आधीच्या पन्नास वर्षांत कळलं नव्हतं.

सप्टेंबरात, आमच्याकडचा पाऊस अजून लांब असताना, एका सकाळी तीन गाई नव्या विहिरीवर पाणी प्यायल्या, चार पावलं चालल्या आणि कोसळल्या. तांबडी, तिची मोठी कालवड आणि एक मोडक्या शिंगाची. ना पोट फुगलं, ना तोंडाला फेस. झाड पडावं तशा पडल्या.

सेआबेलो तडक झोपडीशी आला. "वहिनी, खरं सांगा. काल लाकडांना कुठून गेलात?"

केनोसीने चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं. "विहिरीच्या वाटेवरून."

"कांदा टाकलात?"

"संपला होता, भाऊजी. म्हटलं, एवढ्याशा वाटेला काय होतंय."

"झालं की मग!" तो मटकन खाली बसला. रागापेक्षा त्याला रडू येत होतं. तांबडी त्याच्या हातावर वाढलेली. "शुक्रवारी मुखियाला बोलावतो. तुम्ही आपल्या भावाच्या गावी जा. गुरं माझ्या वाडग्यात राहतील, पोर मोठं होईपर्यंत."

केनोसीलाही ते खरं वाटत होतं. गुरं गेली तर नातवाचं गेलं, ते होतंच. पण आपण मोथिबीच्या गाई मारल्या, ही गोष्ट घेऊन भावाच्या दारात कसं उभं राहायचं?

फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. तिने ओलांडलेल्या वाटेवरून त्या सकाळी चौदाही गुरं गेली होती. मग मेल्या तीनच कशा?

विहिरीपासून हाकेच्या अंतरावर दोन दिवसांपासून एक ट्रक उभा होता. त्यात ओनालेना नावाची बाई होती, राजधानीतून आलेली, पँट घातलेली, तिशीच्या अलीकडची. ती सरकारी संग्रहासाठी रानातली फुलझाडं मुळासकट उपटायची, जुन्या वर्तमानपत्रांत पसरायची आणि दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्याने आवळून वाळवायची. पहिल्याच दिवशी सेआबेलोने तिला विचारलं होतं, "पोरी, हा चारा कुठल्या गाईसाठी?"

"सरकारी गाय आहे, मामा. खाते फार, दूध काही देत नाही."

मेलेल्या गाई बाप्यांनी सोलल्या, मांस वाटून घेतलं आणि पोटातला चोथा काटेरी झुडपांपलीकडे टाकला. दुसऱ्या दिवशी सेआबेलो उरलेली गुरं घेऊन गेल्यावर केनोसी पत्र्याचं घमेलं घेऊन तिकडे गेली आणि चोथा धुवायला बसली. वासाने ओनालेना आली, की कुतूहलाने, कोण जाणे.

"मावशी, काय शोधताय?"

"तांबडी काय जेवली ते."

ओनालेना नाक दाबून शेजारी उकिडवी बसली. गवताच्या काड्यांतून केनोसी पानांचे तुकडे वेगळे काढत होती, नखाएवढे, काही त्याहून मोठे.

"हे सगळं वाळूच्या टेकाडावरचं," केनोसी म्हणाली. "नवी विहीर झाल्यापासून गुरं तिकडे जातात. दिराने स्वतः जाऊन बघितलं होतं. म्हणाला, टेकाडावर सगळं भुईजांभूळ आहे, मोगाऊ नाही."

मोगाऊ म्हणजे काय हे ओनालेनाला सांगावं लागलं नाही. त्याच्या मूठभर पानांनी बैल मरतो. ती म्हणाली, "दिसायला सारखीच असतात. मोठी माणसंही फसतात."

"सारखी कशी? चार भावंडं एका आईची असली तरी चालताना वेगळी ओळखू येतात." केनोसीने ओच्यातून पानांची जुडी काढली. पहाटेच ती टेकाडावर जाऊन आली होती, वाटेवर नव्याने उकरलेला कांदा टाकत. चार तऱ्हेची पानं तिने घमेल्याच्या काठावर मांडली. "हे भुईजांभूळ. पोटाकडून बघ, राखेसारखं पांढरं. हे दुसरं, कडेला बारीक दात आहेत. ह्याचं पुढे झाड होतं, साल कागदासारखी सुटते. तिसऱ्याची पानं जोडीने येतात, समोरासमोर, नवराबायकोसारखी. आणि हे चौथं, एकामागे एक, आणि दोन्ही अंगांनी सारखंच हिरवं."

ओनालेना तिच्याकडे बघतच राहिली. "मावशी, हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती."

"तुला शिकवणाऱ्याला घाई नसेल."

धुतलेले तुकडे त्यांनी उलटेपालटे केले. गाईच्या पोटातून येऊनही दोन्ही बाजू हिरव्या, म्हणजे भुईजांभूळ नव्हे. कडेला दात नाहीत, म्हणजे दुसरंही नव्हे. पण तुकडा जोडीतल्या पानाचा की एकट्याचा, हे कसं कळायचं? देठ तर चावला गेलेला. केनोसी अडली. चौथं पान आणि तिसरं पान तिने डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, जिभेवर ठेवणार तोच ओनालेनाने तिचा हात धरला.

"थांबा. हे घ्या." तिने गळ्यातलं छोटं भिंग काढून दिलं. "शिरा बघा."

केनोसीने भिंगातून आधी स्वतःचा अंगठा बघितला. "अगं बाई! नांगरलेलं शेत आहे हे!" मग चौथं पान बघितलं. बाजूच्या शिरा कडेपर्यंत पोचतच नव्हत्या. अलीकडेच वळून पुढच्या शिरेला जाऊन मिळत होत्या, कमानीमागे कमान. तिसऱ्या पानात अशा ठळक कमानी नव्हत्या. मग तिने चोथ्यातला सर्वांत मोठा तुकडा भिंगाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"कमानी," ती म्हणाली.

"मोगाऊ," ओनालेना म्हणाली. "फूल मिळालं तर खात्रीच होईल. पांढरं, मिरीएवढं, झुपक्यात."

"टेकाडावर आहे. आणि ती रोपं वेगवेगळी नाहीत बरं का. मी उकरून बघितलं. कोपरभर खाली सगळी एकाच खोडाला जोडलेली. झाडच आहे ते, वाळूत पुरलेलं. आपल्याला दिसतात ते नुसते शेंडे." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मग एकाएकी ती उठली. सूर्य डोक्यावर आला होता. "दीर आजही गुरं तिकडेच घेऊन गेलाय."

मोगाऊ खाल्लेलं जनावर लगेच मरत नाही. त्याला पळवलं किंवा पाणी पाजलं की मरतं. हे तर सेआबेलोला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. दोघी विहिरीपर्यंत पोचल्या तेव्हा अकराही गुरं टेकाड उतरून पाण्याच्या ओढीने येताना दिसत होती.

"भाऊजी!" केनोसी वाटेच्या कडेवरूनच ओरडली. "पाणी पाजू नका! टेकाडावर मोगाऊ आहे!"

"टेकाड मी बघितलंय!" तो ओरडला. "आता गुरांकडचं मला बायका शिकवणार? आणि ही चारा गोळा करणारी?"

"एक दिवस थांबा!"

"तहानलीत ती! बाजूला व्हा!"

केनोसी बाजूला झाली नाही. तिने ओच्यातले कांद्याचे उरलेले तुकडे काढून लांब झुडपात भिरकावले, काळी शाल सावरली, आणि विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या बरोबर मधोमध पाय पसरून बसली.

सेआबेलोच्या हातातली काठी तशीच वर राहिली. "वहिनी! वेड लागलं का?"

"लागलं."

"उठा तिथून! गुरं मरतील!"

"मग आणू नका इकडे."

तो शिव्या देत होता, विनवत होता. केनोसीच्या मनात येत होतं, पान चुकलं असेल तर? आपल्या अंगातलं ऊन खरंच असेल तर? ती भिंगातल्या कमानी आठवत बसून राहिली. गुरं वीस पावलांवर आली, तसा सेआबेलो धावत त्यांच्यापुढे आला, आणि हात पसरून, अगदी हळूहळू, दचकू न देता त्याने ती वळवली. जवळपास विहीर ती एकच, वाट एकच, आणि विधवा तिथून हलायला तयार नाही. त्याने गुरं वाडग्यात कोंडली.

ती दोन दिवस वाटेवरच बसली. ओनालेना चहा आणून द्यायची. वाडग्यातून गुरांचं हंबरणं यायचं आणि केनोसी कानांवर शाल ओढायची. पहिल्या संध्याकाळी एक बैल आणि दोन गाई थरथरू लागल्या, खाली बसल्या. सेआबेलो त्यांच्याजवळ बसून राहिला. बैलाचं काळीज कसं धडधडतंय हे त्याने बरगडीला हात लावून बघितलं, आणि त्यानंतर त्याने केनोसीला शिव्या देणं थांबवलं. शुक्रवारी सकाळी अकराही उठून उभी होती. त्याने त्यांना थोडं थोडं पाणी पाजलं, बादलीने, वाडग्यातच.

मुखिया मोखोसी आला. झाडाखाली बाप्ये जमले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सेआबेलोला विचारलं, "हिने एकदा वाट ओलांडली तर तीन मेल्या. दोन दिवस वाटेत बसली तर एकही नाही. हे कसं?"

"ती... मी वळवली ना गुरं."

"कशाला वळवलीस?"

"ही बसली होती म्हणून."

मुखिया हसला तसे सगळेच हसले. सेआबेलोही, पण उशिराने. "मोगाऊ असेल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी घोड्यावरून बघितलं होतं."

ठरलं ते असं: केनोसी आणि मोथिबीची गुरं आहेत तिथेच राहतील, आणि पाऊस पडून गवत येईपर्यंत टेकाडावर कुणी गुरं न्यायची नाहीत. कांद्याबद्दल मुखिया काही बोलला नाही. केनोसीनेही विचारलं नाही. वर्ष संपेपर्यंत ती तो टाकत राहिली.

जाण्याआधी ओनालेनाने टेकाडावरचं फुलोऱ्यासकट रोप वर्तमानपत्रात पसरलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. "कुणी दाखवलं म्हणून लिहू?"

"बाकांगची आई, लिही."

"बाकांगच्या आया देशभर असतील, मावशी. तुमचं नाव सांगा."

केनोसीने नाव सांगितलं. मग म्हणाली, "त्या भिंगाचं काम संपलं असेल तर..."

"नाही संपलं," ओनालेना म्हणाली, आणि गळ्यातून काढून ते तिच्या हातात ठेवलं.

जूनमध्ये काळे कपडे उतरल्यावर केनोसीने नातवाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांत आधी भिंगातून त्याचा अंगठा बघितला.

पुढे सेआबेलो गेला तेव्हा त्याची बायको मासेगो तिच्याकडे आली. "वहिनी, तुम्हीच सांगा. कांदा टाकत जाऊ की नको?"

केनोसीने कांदा चिरून तिच्या ओच्यात घातला. "टाकत जा. आणि टाकताना खाली बघत जा."

सेआबेलो वारला १९८८च्या मे महिन्यात. केनोसी वारली १९९६च्या सप्टेंबरात, नातवाच्या घरी.