मी पाहिलेला नीलवंत

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझे काम बघायचे, बोलायचे नव्हे. तेव्हा सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

पहिली सहा वर्षे मी नांदगावच्या एका फोटोग्राफरकडे लग्नांमध्ये काढली. मग नाशिकच्या शेखर सरांनी मला विकत घेतले. ते शाळेत भूगोल शिकवत आणि सुट्टी मिळाली की फुलपाखरांमागे हिंडत. जवळचे बारीक टिपणारी नवी लेन्स त्यांनी मला घेतली. उन्हात, चिखलात, काट्यांत मी त्यांच्या गळ्यात असे. याच्यासारखी नजर नाही, असे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मला संकोच वाटे. पण खोटे कशाला बोलू, आवडेही.

सुरगाण्याचे बुधा नावाचे म्हातारे शेतकरी आमचे वाटाडे होते. ओहळाकाठी शेळ्या बसून गेलेल्या ओल्या वाळूवर फुलपाखरे क्षार शोषायला उतरतात, हे त्यांनीच सरांना दाखवले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे एक नीलवंत, आपल्या राज्याचे फुलपाखरू, पंख पसरून बसला होता. काळाभोर, मागच्या पंखांवर निळाई. पण उजव्या पंखाचा चोचीएवढा तुकडा गेलेला. सर दुसऱ्या फुलपाखराकडे वळू लागले, तेव्हा बुधांनी त्यांची बाही धरली.

"हाच काढा, सर. सकाळीच पाखराच्या चोचीतून सुटलाय. मी बघितलंय. लोकांना कळू द्या."

नाशिकच्या फोटो-स्पर्धेच्या प्रदर्शनात हाच फोटो लावीन आणि बघायला तुम्हाला बोलावीन, असा शब्द सरांनी दिला. मग ते ओल्या वाळूत पोटावर झोपले आणि मी तो नीलवंत टिपला.

घरी सरांनी फोटो संगणकावर घेतला. उजेड थोडा वाढवला, रंग सावरले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ढगाळ सकाळी माझ्या हातून जरा काळवंडतेच. पण मग त्यांनी डावा पंख उचलला, उलटा केला आणि उजवीकडे चिकटवला. वाळूतल्या लेंड्याही पुसल्या. त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई चहा घेऊन आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, हे तर पार्लरमधून आल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या.

परीक्षकांना असेच आवडते, असे म्हणून सर हसले. आणि खरेच, फोटोला पहिले बक्षीस मिळाले.

प्रदर्शनाला बुधा आधी जीप, मग एसटी करून आले, धुतलेला सदरा घालून. त्या फोटोपुढे थांबले, सगळी भिंत फिरून आले आणि पुन्हा तिथेच उभे राहिले.

"आपला कुठंय, सर?"

"हाच की."

"ह्याचा पंख तर पुरा हाय."

आजूबाजूची चार माणसे वळून बघू लागली. सरांनी गळ्यातल्या माझ्यावर हात ठेवला. मला वाटले, आता ते खरे सांगतील.

"कॅमेरा जुना झालाय हो, बुधादादा. बारीकसारीक टिपत नाही आता."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच शंका आली. सर म्हणतात म्हणजे आपलीच नजर गेली असेल. पण बुधा शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी ह्याच्याच पाठीवरच्या काचेत दाखवला व्हता तुम्ही मला. तुटकाच व्हता. बिचाऱ्यावर कशाला ढकलता?"

बुधा चहा न घेताच निघून गेले.

तेव्हापासून मी कपाटात आहे. सरांनी नवा कॅमेरा घेतला. माझ्या लेन्सवर बुरशी धरू लागली आहे. सर वाईट नाहीत, असे मी रोज स्वतःला समजावतो. पण ज्यांच्यासाठी इतकी वर्षे पाहिले, त्यांनीच चारचौघांत मला आंधळे ठरवले, हे काही केल्या गिळता येत नाही.

वस्तू जपा, कोरड्या ठेवा, एवढे सांगून मी थांबायला हवे. तरी एक मागतो. मित्रांनो, कधी तुमच्यापैकी कुणी हे कपाट उघडलेच, तर मला पुसा आणि बॅटरी भरून घ्या. कार्ड अजून माझ्या पोटातच आहे. त्यातला तो फोटो बघा. पंख तुटका दिसला, तर मला सुरगाण्याला बुधांकडे घेऊन चला. नाही दिसला, तर सरांचेच खरे होते असे समजा, आणि मला परत आत ठेवून द्या.