आनंदरावांची दुर्बीण आणि अलिबागची भरती

मित्रांनो, जयपूरच्या वैशाली नगरात, एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीजवळच्या खुंटीला मी लटकलेली असते. मी एक जुनी दुर्बीण.

माझा जन्म देहरादूनच्या कारखान्यात झाला. कारागिरांनी माझ्या काचा घासल्या, दोन नळ्यांत बसवल्या, वरून काळं कातडं चढवलं. मला विकत घेतलं आनंदरावांनी. ते मूळचे अलिबागचे. विमा कंपनीत अधिकारी होते, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. तरी सुट्टी मिळाली की ते अलिबाग गाठायचे, आणि मी त्यांच्या गळ्यात असायची.

आंग्र्यांची ती जुनी राजधानी मी त्यांच्याबरोबर पाहिली. गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहिली, हिराकोटाचे काळेभोर दगड पाहिले. सगळ्यांत जास्त वेळ आम्ही कुलाबा किल्ल्याकडे बघत बसायचो. तो भर समुद्रात उभा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला मात्र चहूकडून पाणी वेढतं. आत गणपतीचं देऊळ आहे, गोडं पाणी आहे आणि तटापाशी गाड्यांवर चढवलेल्या तोफा आहेत. आनंदराव तासन्‌तास मला डोळ्यांवरून काढत नसत. परत निघताना मऊ फडक्याने माझ्या काचा पुसत. किती सुखाचे दिवस होते ते!

पुढे आनंदराव निवृत्त झाले. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. आता त्यांना उजेड आणि सावल्या कळतात, तेवढंच. मग मला कोण विचारणार? मी कपाटाच्या माळ्यावर गेले. अंगावर राहिलेली समुद्राची खारट ओल कुणी पुसली नाही. माझ्या उजव्या नळीत बुरशी धरली. डावी तेवढी शाबूत राहिली.

गेल्या हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांचं अलिबागला जायचं ठरलं. आनंदरावांनी मला खाली काढायला लावलं.

"बाबा, ही कशाला? तुम्हाला आता..." मुलगा अभिजित बोलता बोलता थांबला.

"मला नको रे. ज्ञानदाला दे," आनंदराव म्हणाले.

ज्ञानदा त्यांची नात. सहावीत शिकते. जन्म जयपूरचा, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी सर्रास मिसळते.

अलिबागला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ओहोटी साधून अभिजित, सूनबाई प्रणिता आणि ज्ञानदा किल्ल्याकडे निघाले. थोडं पुढे गेल्यावर खडकाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्याच्या धारेने ज्ञानदाचा पाय कापला. प्रणिताने तिच्या पायाला रुमाल बांधला आणि तिला किनाऱ्यावर आजोबांपाशी आणून बसवलं. "आम्ही पटकन बघून येतो हं," असं म्हणून ती दोघं गेली. पण किल्ल्यात गेलेल्या माणसाचा पाय लवकर निघतो थोडाच!

ज्ञानदा रुसून बसली होती. आनंदरावांनी मला तिच्या हातात दिलं. "काय दिसतं ते मला सांग बरं."

"पाणी, आजोबा. बहुत सारं."

"आणि तुम्ही जिथून चाललात ते खडक?"

ज्ञानदाने मला वळवलं. "नाहीयेत. मतलब, पाण्याखाली गेले."

आनंदरावांनी घाईघाईने अभिजितला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. इतक्यात ज्ञानदा ओरडली, "आई-बाबा निघाले! चालतायत इकडे. पाणी आईच्या घुटनों तक आहे."

"ती दोघं किल्ल्याच्या तटाजवळ आहेत की मध्यावर?"

"तटाजवळ."

"मग पुढे खोल आहे," आनंदराव उठून उभे राहिले. "मधला पट्टा आधी भरतो. त्यांना वाटतंय, सगळीकडे गुडघाभरच पाणी आहे. किल्ल्यावर ने-आण करणारी घोडागाडी दिसते का कुठे?"

एक दिसली. गाडीवान उत्तम घोड्याला घेऊन घरी निघाला होता. आनंदरावांनी त्याला हाका मारल्या.

"काका, शेवटची फेरी झाली. पाणी चढलंय," उत्तम म्हणाला.

"म्हणूनच जा, बाबा! माझा मुलगा आणि सून निघालीत. गाडीत घे, नाहीतर किल्ल्याकडे परत फिरव. पण मध्यावर येऊ देऊ नकोस."

उत्तमने एकदा समुद्राकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली.

ज्ञानदा माझ्या डाव्या नळीला डोळा चिकटवून सांगत होती. मी हलू नये म्हणून तिने मला आजोबांच्या खांद्यावर टेकवलं होतं. "पाणी आईच्या कमरेपर्यंत आलं... बाबांनी तिचा हात धरलाय... घोडा रुकला, आजोबा!"

"रुकू दे. त्याला कळतं. गाडीवान काय करतोय?"

"उतरला. लगाम धरून पुढे चाललाय... छातीपर्यंत पाणी आहे त्याला... आईला वर घेतलं! बाबा पण चढले!"

आनंदराव पाण्याच्या आवाजाच्या रोखाने पुढे झाले.

गाडी किनाऱ्याला लागली तेव्हा प्रणिताने लेकीला मिठी मारली. अभिजित चिंब भिजून बापासमोर उभा राहिला. "बाबा, गुडघाभरच तर होतं," तो कसंबसं म्हणाला.

"पुढचं तुला दिसत नव्हतं," आनंदराव म्हणाले. त्यांनी चाचपडत त्याचा ओला दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर मी माळ्यावर गेले नाही. आता रविवारी ज्ञानदा आजोबांना नाहरगडावर नेते. खालचं शहर, जलमहाल, पाण्यावरचे पक्षी, सगळं त्यांना सांगत बसते. ती 'बगुले' म्हणते, आजोबा 'बगळे' म्हणतात, आणि दोघंही हसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी धूळ खात पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, वापरा. आणि घरात कुणाची नजर गेली असेल, तर त्यांना नुसतं हात धरून इकडून तिकडे नेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा. समोर काय दिसतं ते सांगा. मग ते काय विचारतात, तेही नीट ऐका.