कात्रीवरचं नाव

“मावशी, तपासत बसू नका. नुसता आपला ठसा मारायचा,” म्हणत छोट्या मालकांनी परदेशातून आलेल्या कात्र्यांचं खोकं तिच्या टेबलावर ठेवलं.

मावशी सव्वीस वर्षं या कारखान्यात कात्र्या तपासत होती. पाती मिटताना ती कान देऊन ऐकायची. आवाज खरखरला की कात्री परत धारवाल्याकडे. तिच्या हातून गेल्याशिवाय पात्यावर कारखान्याचं नाव उमटत नसे.

सवयीनं तिनं एक कात्री उचलली. ओलं फडकं कापून पाहिलं. दुसरी घेतली, तिसरी घेतली. कुठेतरी अडकेल असं तिला वाटलं होतं. अडकली नाही.

“वाईट नाहीत,” ती नाइलाजानं म्हणाली.

“तेच तर! आपल्याला जेवढ्यात नुसतं पोलाद पडतं, तेवढ्यात ही तयार मिळते.”

“मग त्यांच्याच नावानं विका की.”

“त्यांचं नाव कोण ओळखतं? इथं बनलेली म्हणून गिऱ्हाईक आपली घेतं.”

“नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!” मागून धारवाला पुटपुटला. कुणी हसलं नाही. त्याचं चाक सोमवारपासून बंद होतं.

“हा माल खपला, तर निदान निम्म्या लोकांची कामं टिकतील, मावशी.” मालकांचा आवाज चढला नव्हता, थकला होता. तेच तिला जड गेलं.

“पुसून देते, खोक्यात भरून देते,” ती म्हणाली. “ठसा नाही मारायची. जे आपण केलंच नाही, ते आपलं कसं म्हणू?”

मालकांनी स्वतःच ठसा मारायची हातोडी उचलली. “उद्यापासून खोकी बांधायच्या खोलीत बसा,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. तिथला पगार निम्मा होता.

ती घरी आली तेव्हा लेक जमिनीवर कापड पसरून बेतत होती. लोकांचे कपडे शिवून तीही घराला हातभार लावायची. आईला पाहताच तिनं हातातली कात्री कापडाखाली सारली.

मावशीनं कापड उचललं. पात्यावर परकी अक्षरं होती.

“आई, तू दिलेली झिजली गं. नवी बघायला गेले, तर तुमच्या एकीच्या भावात या तीन.”

“माहितीये मला.”

“रागावलीस?”

“कुणावर रागावू? निदान हिच्यावर हिचंच नाव आहे.”

लेकीला काही कळलं नाही. मावशी गुडघे टेकून समोर बसली आणि कापडाचं दुसरं टोक तिनं ताणून धरलं.

“काप,” ती म्हणाली. “सरळ जाऊ दे.”