डाव्या वळणावरचा हॉर्न

"डॅशबोर्ड पे बेल का बटन लगा देता हूँ, दीदी," भार्गव म्हणाला. "घर की घंटी जैसा. दबाओ तो बजेगा, नहीं तो नहीं. झंझट खतम."

गॅरेजातल्या एकुलत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ज्ञानदा बसली होती. सकाळपासून हा उपाय तिने इतक्यांदा ऐकला होता, की आता नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. तरी ती म्हणालीच, "हॉर्न स्टीअरिंग में ही चाहिए, भैया. जहाँ था, वहीं. बस अपने आप नहीं बजना चाहिए."

"हव," म्हणून भार्गवने मान डोलावली आणि डॅशबोर्डला भोक कुठे पाडता येईल ते पुन्हा चाचपू लागला.

गाडी तिच्या बाबांची. दुधी रंगाची जुनी फियाट. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले रामकृष्ण देवपुजारी चैत्रात गेले आणि गाडी मागे राहिली. तिच्यात खोट एकच होती. चाक डावीकडे पार शेवटपर्यंत वळवलं, की हॉर्न आपोआप वाजायचा. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत शिरायचं तर चाक तसंच वळवावं लागे. मग एक लांब, घोगरा हॉर्न वाजे, आणि आई हातातलं काम टाकून दारात येई. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

बाबांच्या मागे ज्ञानदा भोपाळहून बदली मागून रायपूरला आली आणि त्याच गाडीने ऑफिसला जाऊ लागली. रोज संध्याकाळी वळणावर हॉर्न वाजे, आई पदराला हात पुशीत दारात येई, आणि गाडीतून उतरणाऱ्या मुलीकडे पाहून म्हणे, "तू होय."

बस, एवढंच. पण त्या दोन शब्दांच्या आधी आईच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येई आणि मावळे, ते ज्ञानदाला पाहवत नव्हतं. एकदा शेजारच्या वनमालाकाकूंना आई सांगत होती, "हे गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायचेच. कधी चुकले नाही." बाबा हॉर्न देत नव्हते, आत कुठेतरी वायर घासली होती, हे आईला सांगायचं कोणी? त्यापेक्षा हॉर्न गुपचूप दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे रोजची ही फसवणूक तरी थांबेल, असं ज्ञानदाने ठरवलं. ऑफिसला जाते असं सांगून ती निघाली, आणि सुट्टी टाकून गुढियारी भागातल्या या गॅरेजात येऊन बसली. बाबा गाडी भार्गवकडेच आणत, म्हणून ती इथे आली होती. बाबांचा माणूस म्हणजे नीट असणार, असा तिचा समज होता. तो सकाळीच ढासळायला लागला.

स्टीअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटन भार्गवने स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. बटनाचा टवका उडाला.

"पहले से टूटा था," तो म्हणाला.

"मेरे सामने टूटा है."

"कमजोर था, दीदी. आज नहीं तो कल टूटता." त्याने टवका खिशात घातला, जणू काही तो पुढे कामाला येणार होता. बटनाखालची स्प्रिंग मात्र टणकन उडाली आणि शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोखाली गेली. टेम्पोचा मालक जेवायला गेला होता. टेम्पोच्या एका बाजूने भार्गव आणि दुसऱ्या बाजूने ऑफिसच्या साडीतली ज्ञानदा, असे दोघे ऑइलने माखलेल्या जमिनीवर वाकून शोधत राहिले. स्प्रिंग तिलाच सापडली. "देखा, मिल गया ना," भार्गव तिची समजूत घातल्यासारखा म्हणाला.

पुढे त्याने वायर कशाला तरी टेकवली आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. समोरच्या गोदामातले हमाल पोती टाकून बघायला आले. कोणी म्हणालं बॅटरी काढा, कोणी म्हणालं गाडीला बोलायचं आहे, बोलू द्या. भार्गव सावकाश हात पुसत उठला, बॅटरीची वायर सोडली, आणि त्या अचानक शांततेत म्हणाला, "मतलब हॉर्न एकदम बढ़िया है."

ज्ञानदाने खुर्ची गाडीच्या आणखी जवळ ओढली.

अखेर चाकच बाहेर काढावं लागलं. मग खोट दिसली. स्टीअरिंगच्या दांड्यातून वर येणाऱ्या वायरचं रबर एका जागी घासून गेलं होतं. चाक पुरतं डावीकडे गेलं, की तिथलं उघडं तांबं लोखंडाला टेकत होतं. सुपारीएवढी जागा. भार्गवने त्यावर नवी नळी चढवली, वर टेप गुंडाळली, आणि चाक बसवलं ते नेमकं तिरकं. गाडी सरळ आणि चाक जरासं वाकडं, लाडात येऊन मान कलती केल्यासारखं.

"इतना चलता है," भार्गव म्हणाला.

"नहीं चलता."

चाक पुन्हा निघालं. ते सरळ बसवता बसवता भार्गव गप्पांच्या ओघात बोलून गेला, "साहब को मैंने कितनी बार बोला था. दस मिनट का काम है साहब, कर देता हूँ. बोले, रहने दे."

ज्ञानदाने मान वर केली. "रहने दे? क्यों?"

"अब वो तो साहब जानें."

दहा मिनिटांचं हे काम सकाळपासून चाललं होतं, याचा राग होताच. त्यात आता बाबांवरच्या रागाची भर पडली. घरातलं घड्याळ जरा पुढे गेलं की स्टुलावर चढणारा माणूस. नळाचा थेंब ऐकू आला तर झोप न येणारा. त्या माणसाने बिघडलेला हॉर्न इतकी वर्षं तसाच वाजू दिला, बायकोला त्याच्या भरवशावर दारात येऊ दिलं, आणि कोणाला काही न सांगता निघून गेला. विचारायची सोय नाही. सगळ्यात जास्त चीड तिला याच गोष्टीची आली.

परतताना वळणावर तिने चाक डावीकडे पार शेवटपर्यंत वळवलं. काही वाजलं नाही. गाडी अलगद गल्लीत शिरली. तिला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटतंय का, हे ती तपासत असतानाच अंगण आलं.

आई दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. पावलं वाजली तशी ती एवढी दचकली, की मांडीवरचं सूप उलटलं आणि तांदूळ अंगणभर झाले.

"भुतासारखी काय येऊन राहिली गं," आई छातीवर हात ठेवून म्हणाली. "हॉर्न काहून नाही वाजला?"

"दुरुस्त करून आणला."

"काहून?"

"आपोआप वाजत होता, आई. वायर घासली होती." म्हणायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. सबंध दिवस सांभाळलेलं, आणि गेलं ते असं, चिडक्या स्वरात.

"वायर घासली होती ते मले नाही माहीत का?" आई म्हणाली.

ज्ञानदा तिच्याकडे वळली. "मग काकूंना काय सांगत होतीस? बाबा हॉर्न द्यायचे म्हणून?"

"वाजायचा म्हणजे द्यायचेच ना. वनमालाले काय वायर दाखवू?" आई खाली बसून तांदूळ गोळा करू लागली. "तुझ्या बाबाले हॉर्न द्यायची अक्कल होती का? गाडी चांगली होती तोवर असेच गुपचूप यायचे, अन् पाठीमागे येऊन उभे. कितीदा दूध उतू गेलं माझं. मग हॉर्न बिघडला अन् मले कळायला लागलं, की आले. ते दुरुस्तीला निघाले होते. मीच म्हटलं, राहू द्या."

रहने दे. ज्ञानदाही खाली बसली. ऑइलचा डाग पडलेली साडी आईने पाहिली.

"मला वाटलं, तुला रोज वाटतं की बाबा आले," ज्ञानदा म्हणाली. "म्हणून केलं."

"मले काय वाटते ते मले विचारलं का तू?"

"तुझा चेहरा दिसतो मला. दारात येतेस तेव्हा."

आईने सुपातले खडे बाजूला केले. मग म्हणाली, "वाटते. हॉर्न वाजला की पाय आपले उठतात. येऊन पाहते तर तू. वाईट वाटते, अन् मग तू आली म्हणून बरं वाटते. दिवसभर तर काहीच वाटत नाही मले, ज्ञानू. सकाळपासून नुसती बसून राहते. तेवढी एक वेळ होती."

गल्लीतून कोणाची तरी स्कूटर गेली. ज्ञानदा म्हणाली, "मग परत बिघडवून आणू?"

"आणता येते का?" आईने खरंच विचारलं.

भार्गवला फोन लावला. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "दीदी, खराब करने का काम हम नहीं करते." आणि थोड्या वेळाने, आशेने, "बेल का बटन लगा दूँ?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्ञानदा वळणाशी आली. तिथे चाक दोन्ही हातांनी ओढावं लागतं, बटन दाबायला तिसरा हात हवा, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा गाडी अर्धी वळली होती. तिने गाडी थांबवली. मागचा ई-रिक्षावाला ओरडला, "दीदी, आगे बढ़ाओ ना, सो गए क्या." टवका उडालेल्या बटनावर तिने तळवा ठेवला आणि दाबला. आवाज तोच होता, लांब आणि घोगरा. किती वेळ दाबायचं ते कळेना, म्हणून जरा जास्तच दाबला.

आई पदराला हात पुशीत दारात आली होती. चेहऱ्यावर ते आलं, आणि मावळलं. ज्ञानदाने या वेळी नजर वळवली नाही.

"तू होय," आई म्हणाली. मग आत जाता जाता, वैतागून, "अन् एवढा लांब नव्हता तो. सारा मोहल्ला जागा केला."