फौजदाराचा चतकोर

"त्याले सांग, बाँब नाही म्हणा. भाकर हाये."

फाटकावरच्या शिपायानं फडकं सोडलं, ज्वारीची भाकर उलटीपालटी करून पाहिली, हुंगली आणि टेबलावर बाजूला सरकवून ठेवली. बाहेरचं अन्न आत न्यायचं नाही, जाताना परत मिळेल, असं तो म्हणाला. विपुलनं ते आईला मराठीत सांगितलं. मैनाबाईनं शिपायाकडे अशी नजर लावली, की शेंदूरजनाघाटचा एखादा संत्र्यांचा व्यापारी त्या नजरेपुढे आपण होऊन भाव वाढवून मोकळा झाला असता. पण हे सिंगापूर होतं. इथली माणसं नजरेला भीत नव्हती, नियमाला भीत होती.

"पीठ म्या घरून आणलं," ती चालता चालता म्हणाली. "डोळ्यासमोर भाजली. कोणता रोग राहते रे तिच्यात?"

"माय, हळू बोल."

"काऊन? इथं बोलाले बी मनाई हाये?"

विपुल दोन पावलं पुढे चालू लागला.

बाहेरदेशातून आलेली कुत्री इथं महिनाभर वेगळी कोंडून ठेवत. पिसाळण्याचा रोग आपल्या देशात शिरू नये, म्हणून. मैनाबाईचा कुत्रा फौजदार विमानातून उतरला तो थेट इथंच आला, आणि त्या दिवसापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आज रविवार, विपुलला सुटी, म्हणून मायलेक भेटायला आले होते. दोष सगळा इथं कुत्र्यांना घालतात त्या कोरड्या गोळ्यांचा आहे, अशी मैनाबाईची खात्री होती. भाकरीवर पोसलेलं कुत्रं पिशवीतल्या गोळ्या कशाला खाईल? भाकर दिसली की उठेल, एवढा साधा तिचा हिशेब होता, आणि ती भाकरच आता फाटकावर अडकली होती.

फौजदार काही खानदानी कुत्रा नव्हता. तांबूस रंग, एक कान फाटका, अंगावर रानडुकराच्या दाताचा लांब वण. त्याचं काम संत्र्याच्या बगीच्याची राखण. बहार झाडावर असला की मैनाबाई आणि वामनराव दोघं नवराबायको वावरातच झोपत, आणि फौजदार धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं गस्त घाली. मग विहीर आटली. बोअर मारले, त्यातून नुसती धूळ वर आली. हिरवीगार झाडं उभ्या उभ्या वाळली आणि एका उन्हाळ्यात कुऱ्हाड लावून सगळी जळणाच्या भावानं गेली. पुढच्या वर्षी वामनराव झोपेतच गेले. फौजदारानं मात्र ड्युटी सोडली नाही. तो रोज संध्याकाळी वावरात जाई आणि खोडांची राखण करी.

विपुल तिला सिंगापूरला न्यायला गावी आला, तेव्हा ती एकच वाक्य बोलली होती. "फौजदार येईन तं मी येईन."

सगळ्या गावाला विषय मिळाला. चुलत दीर खुशालराव ओसरीवर येऊन म्हणाले, "वहिनी, इथं माणसं मरून राहिली, अन् तुमी कुत्र्याले इमानात बसवता? लोकं तोंडात शेण घालतीन."

"माणसं मेली तवा तुमी काय केलं भाऊजी, ते सांगा," मैनाबाई म्हणाली. "मंग कुत्र्याचं बोलू."

खुशालराव चहा न घेता गेले. मैनाबाईला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. झाडं गेली, माणूस गेला, आता घराला कुलूप लावून ती निघाली होती. या सगळ्यात तिनं आपण होऊन टाकलं असं काहीच नव्हतं. सगळं तिच्या हातून हिसकावलं गेलं होतं. फौजदाराला टाकून आली असती, तर ते मात्र तिनं स्वतः टाकलेलं ठरलं असतं.

विपुलच्या बायकोनं, अकोल्याचं माहेर असलेल्या साधनानं, सिंगापुरात बसून सगळे नियम शोधून काढले. कुत्र्याला पिंजऱ्यात बसायची सवय आधीपासून करा, असं तिनं फोनवर सांगितलं. संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या अन्सारला त्या वर्षी हाताला काम नव्हतं. त्यानं पेटीच्याच फळ्यांचा एक मोठा खोका करून अंगणात आणून ठेवला. फौजदारानं त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली.

"काकी, डब्बा तो बना दिया," अन्सार म्हणाला, "लेकिन साब अंदर जाते नहीं दिखते."

मैनाबाईनं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि स्वतः त्या खोक्यात शिरली. आत अंग चोरून बसली आणि म्हणाली, "ये." गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. अन्सारनं डोळे पुसत विचारलं, "तो टिकट एकच निकालू क्या, काकी?" पण फौजदार आला. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून खोक्यात बसला. मैनाबाईची सगळ्या आयुष्याची रीत हीच होती: आधी आपण, मग दुसरा. विहिरीत उतरायचं असो की कोर्टात, ती पुढे असे.

इथं जाळीचं दार उघडलं, तेव्हा फौजदार कोपऱ्यात फरशीवर पडलेला होता. तिचा वास आला तसा तो उठला, धडपडला, आणि तिच्या पोटात डोकं खुपसून कण्हायला लागला. त्याच्या बरगड्या हाताला लागल्या. मैनाबाईच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती पुसलीही नाही.

कुत्र्यांची देखभाल करणारा सेल्वम नावाचा तमिळ माणूस दारात उभा होता. मुंबईत काही वर्षं काढलेली असल्यानं त्याला कामापुरती हिंदी येत होती. "अम्मा, पानी पीता. खाना नहीं खाता. मैं हाथ से दिया, तो दाँत दिखाया," तो म्हणाला. "डॉक्टर बोला, बुढ्ढा है. ऐसा रहा तो नहीं बचेगा."

"माय, मी तुले म्हटलं होतं," विपुल आजूबाजूला पाहत दबक्या आवाजात म्हणाला. "गावातच राहू द्यायचा होता. अन्सारभाईनं पाहिलं असतं त्याले."

"अन्सारच्या हातचं तरी कुठं खाते तो?" मैनाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

फौजदार समोरच्या भांड्याकडे पाहतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

फौजदाराच्या आधी त्यांच्याकडे काळ्या होता. ऐन तोडणीच्या दिवसांत चोरांनी त्याला मटणातून विष घातलं आणि अर्धा बगीचा झोडपून नेला. सकाळी काळ्या धुऱ्यावर ताठ होऊन पडलेला सापडला. त्यानंतर फौजदाराचं पिल्लू घरात आलं, तेव्हा मैनाबाईनं त्याला पहिली गोष्ट हीच शिकवली, की मालकिणीच्या दाताखालून गेलं नाही, ते अन्न नव्हे. जेवायला बसली की ती आपल्या भाकरीचा चतकोर मोडे, त्यातला एक घास आधी आपण खाई, आणि उरलेला फौजदाराला टाकी. परक्यानं काही पुढे केलं की ती लांबूनच "हं" करी, आणि फौजदार दात दाखवी. पुढं पुढं ते इतकं अंगवळणी पडलं, की शिकवल्याचंच ती विसरून गेली. घराला कडी लावताना कोणाला आठवतं, कडी लावायला कोणी शिकवलं?

म्हणजे कुत्रं हट्टानं उपाशी नव्हतं. ते तिचा हुकूम पाळत होतं.

मैनाबाईनं फरशीवर मांडी घातली, भांड्यात हात घातला, एक गोळी उचलली आणि दातांखाली कडकन फोडली. सरकीच्या ढेपेसारखी चव होती. उरलेला अर्धा तुकडा तिनं पुढे टाकला. फौजदारानं तो उचलला. तिनं दुसरी फोडली, तिसरी फोडली.

"माय, काय करून राहिली तू? लोकं पाहतेत."

शेजारच्या पिंजऱ्यात पांढरं कुरळं कुत्रं घेऊन बसलेली एक बाई खरंच टक लावून पाहत होती.

"पाहू दे. तिच्या कुत्र्याचंबी खाऊन दाखवू का?" मैनाबाई म्हणाली आणि चौथी गोळी तोंडात टाकली.

भांडं अर्धं झालं. सेल्वम हसला, मग गंभीर झाला. "आज अच्छा. कल कौन खाएगा, अम्मा?"

ते खरं होतं. विपुलला रोज सुटी नव्हती, तिला एकटीला इथवर येता येत नव्हतं, आणि भेटीची वेळ संपली की मालकाला बाहेर जावं लागे. महिना अजून सगळा पुढे पडला होता.  

एकच मार्ग होता, आणि तो तिला आवडला नाही. जे तिनं फौजदाराच्या हाडीमासी भिनवलं होतं, ते तिलाच पुसावं लागणार होतं. परक्याच्या हातचं खा, असं त्याला सांगायचं. ती स्वतः जन्मभर कोणाच्या हातचं मिंधेपणानं खाल्लं नाही म्हणून मिरवणारी बाई. लेकाच्या घरी येतानासुद्धा ती आपलं पीठ घेऊन आली होती.

"इकडे या भाऊ," तिनं सेल्वमला बोलावलं. "बसा. हात में लेव."

सेल्वम तिच्याशेजारी बसला. तळहातावर गोळ्या घेऊन त्यानं हात पुढे केला. फौजदाराच्या नाकाची कातडी वर सरकली, घशात गुरगुर सुरू झाली. त्यानं मैनाबाईकडे पाहिलं. तो "हं" ची वाट पाहत होता.

मैनाबाईनं वाकून सेल्वमच्या तळहातावरची एक गोळी उचलली. सगळ्यांसमोर, शांतपणे चावून खाल्ली. मग दुसरी उचलली. "खा बाप्पा," ती म्हणाली. "राखण झाली आता. इथं काही नाही आपलं राखाले."

फौजदार बराच वेळ तसाच उभा राहिला. मग मान लांब करून, पाय जागचे न हलवता, त्यानं परक्या हातावरची गोळी जिभेनं उचलली.

"खाया," सेल्वम हळूच म्हणाला.

मैनाबाईनं मान फिरवली. कुत्रं वाचलं म्हणून तिला भरून आलं होतं, आणि आपला फौजदार आता कोणाच्याही हातचं खाईल म्हणूनही. बाहेर पडताना तिनं मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर त्यानं खाणं थांबवलं असतं.

फाटकावर शिपायानं भाकरीचं फडकं परत दिलं. "पुढच्या रविवारी आणू नका," असं त्यानं विपुलला सांगितलं.

"त्याले म्हणा, आणीन," मैनाबाई म्हणाली. "त्यानं ठेवून घ्यावी. ते त्याचं काम हाये. आणणं माह्यं."

आणि गाडीपर्यंत न जाता ती तिथंच रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली, फडकं सोडलं आणि भाकर खायला लागली. येणारेजाणारे पाहत होते. खाण्याआधी हातानं सवयीनं आपलं काम करून ठेवलं होतं, चतकोर मोडून बाजूला काढला होता. बाकीची भाकर संपल्यावर तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं. ती तो चतकोर हातात धरून तशीच बसून राहिली.

विपुल दोन पावलं लांब उभा होता. तो जवळ आला आणि इस्त्रीच्या पँटनिशी तिच्याशेजारी कठड्यावर बसला.

"मले दे माय."

मैनाबाईनं चतकोरातला एक घास आधी आपण खाल्ला, आणि मग उरलेला लेकाच्या हातावर ठेवला.