शून्यावर न थांबणारी दांडी

मी एक जुनी जॉयस्टिक आहे, मित्रांनो, आणि मी कधीही स्थिर नसते. हे अलंकारिक विधान नाही. कोणी हात लावलेला नसताना माझ्या दांडीने शून्य दाखवावे, अशी रचना होती. पहिली चार वर्षे मी ते केले. मग आतला पट्टा झिजला. दांडी सरळ उभी दिसे; संकेत मात्र किंचित डावीकडचा जाई. झिजेला आवाज नसतो.

भिलाईच्या या घरात रीनाने मला कॉलेजात असताना आणले. शर्यत जिंकली की ती मला ओढणीने पुसायची. नोकरी लागली आणि मी शोकेसमध्ये बाहुलीमागे गेले. मग तिचे वडील प्रेमानंद पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले आणि संगणकावरच्या गोल्फच्या खेळासाठी त्यांनी मला बाहेर काढले. तीस वर्षे त्यांनी भट्टीचे दाबमापक तपासले होते.

त्यांचा प्रत्येक फटका डावीकडे जाई. आधी ते हसले. नंतर स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहू लागले. तो थोडा थरथरत होता. एका सकाळी त्यांनी स्कूटरची किल्ली रीनापुढे ठेवली.

"ठेव तुझ्यापाशी. हात गेला माझा."

"गोल्फवरून स्कूटर काहून सोडून राहिले, बाबा?"

"हात तर तोच हाये ना."

मला ठाऊक होते. सांगायला भाषा नव्हती.

रविवारी त्यांनी नवा खेळाडू घडवायला घेतला. वीस गुण पावर, कंट्रोल आणि स्पिनमध्ये वाटायचे. दांडी उजवीकडे नेली की आकडा वाढे, डावीकडे नेली की घटे. एकदा पक्के केले की बदल नाही.

"कंट्रोललेच द्या," रीना म्हणाली. "पावर दिली तर तुमचा चेंडू सीधा दुर्ग स्टेशनले पोहोचन."

त्यांनी कंट्रोलला अठरा दिले आणि चष्मा पुसण्यासाठी मला टेबलावर ठेवले. पडद्यावर अठराचे सतरा झाले. सोळा. पंधरा.

"रीना, तू हात लावला?"

"नाही, बाबा."

चौदा. तेरा. त्यांनी टेबलावर मोकळ्या पडलेल्या माझ्याकडे पाहिले.

"शिकाऊ पोट्ट्यांले तीस वर्षं सांगितलं," ते हळूच म्हणाले, "रीडिंग घ्यायच्या आधी झीरो पाहा. अन् घरी मीच नाही पाहिलं."

शेजारच्या नागसेनची जॉयस्टिक आणून त्यांनी दहा फटके मारले. सात सरळ, दोन उजवीकडे, एक डावीकडे. सगळे वहीत लिहिले.

"हात थरथरते, पण एकाच बाजूले नेत नाही."

त्यांनी पावरला बारा गुण दिले. रीनाने किल्ली पुढे केली.

"आधी डॉक्टरले दाखवू," ते म्हणाले. " तपासल्याबिगर हात फेल नाही, अन् पासही नाही."

त्यांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. डॉक्टर सांगेपर्यंत ती दोघांचीही नव्हती.

मी खणात आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसा, वायर ओढू नका, एवढे तर मी मागेनच. पण एखाद्या माणसाला नादुरुस्त ठरवण्याआधी आम्हाला एकदा टेबलावर मोकळे ठेवून पाहा.